पाच पोरांचं पाऊसगाणं

शरणप्पांनी आयुष्यात कधी कोणाला शब्द दिला नव्हता. शब्दकोश दिला होता, पण तोही सात दिवसांत परत करण्याच्या बोलीवर. उदगीरच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांनी ती पाटी इतकी मनावर घेतली की निवृत्तीनंतरही घरात त्यांचा आवाज फारसा कोणी ऐकला नाही. त्यामुळे नातीला, म्हणजे रुद्राणीला, आपण 'हो, वाजेल' असं म्हणून बसलो आहोत हे लक्षात आल्यावर त्यांना आधी स्वतःचं आश्चर्य वाटलं आणि मग भीती वाटली.

मागणी तशी लहान होती. "अज्जा, मला घोडा नको, धूर सोडणारं मशीन नको, डोक्यावर फुलांची चादर धरून आणायचं ते तर अजिबात नको. लग्नाच्या दिवशी मी स्टेजकडे चालत येताना हे एक गाणं वाजलं पाहिजे. आणि स्पीकरवर नाही हं. बँडवर."

ही मागणी तिनं वडिलांकडे केली नव्हती, कारण वडिलांना नाही म्हणता येत होतं. आईकडे केली नव्हती, कारण आईला नाहीच म्हणता येत होतं. घरात नाही म्हणण्याची कला अवगत नसलेला माणूस एकच होता.

गाणं कोरियाच्या पाच पोरांचं होतं. पुण्याच्या होस्टेलात राहून रुद्राणी इंजिनिअर झाली आणि या पाच पोरांची भक्त झाली. यातलं दुसरं तिनं जास्त मन लावून केलं असावं. तिनं मोबाइलवर अज्जांना गाणं दाखवलं. पांढरे सदरे घातलेली पाच गोरीगोमटी पोरं मुसळधार पावसात उभी राहून गात होती. पाचही जण एकाच मुलीसाठी रडत होते, आणि तरी त्यांचं आपसांत भांडण कसं होत नाही हे शरणप्पांना कळेना. मात्र चाल ऐकून त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. चाल खरोखर चांगली होती. संथ, ओलसर, आणि मध्येच काळजाला चिमटा काढणारी.

"शब्दांचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नसता, आणि विचारला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रुद्राणीनं इंग्रजी अर्थ काढून दिला. शरणप्पांनी तो मराठीत उतरवला. 'थांब' की 'पुरे' यावर त्यांची एक आख्खी दुपार गेली. शेवटी गाणं असं उतरलं: पावसा, आता थांब. ती ज्या रस्त्यानं गेली, त्या रस्त्यावरची तिची पावलं तू पुसतो आहेस. थांब, मला ती अजून पाहायची आहेत. आणि मग धृपद, पुन्हा पुन्हा: थांब, थांब, आता थांब.

शरणप्पांचे डोळे पाणावले. त्या उन्हाळ्यात उदगीरमध्ये पाणावलेलं दुसरं काही नव्हतं. लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं, उदगीरला टँकरनं येत होतं, म्हणजे यायचं असं म्हणत होते. न्हाणीघराच्या दाराला दानम्मा, म्हणजे शरणप्पांच्या पत्नी, कुलूप लावत असत आणि किल्ली कमरेला खोचत. दागिन्यांचं कपाट उघडंच असे.

अशा दिवसांत शरणप्पा चांदपाशाकडे गेले. चांदपाशाच्या ब्रास बँडशिवाय गावात कोणाचं लग्न लागलेलं त्यांना आठवत नव्हतं. चांदपाशानं दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइलवर गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"सर, हा बँड हाय?"

"हो. बॉय बँड म्हणतात याला."

"बाजा किधर हाय?"

शरणप्पांनी वाकून पाहिलं. खरंच, पाचांपैकी एकाच्याही हातात काही नव्हतं.

"ढोल न्हाई, ताशा न्हाई, साधी पिपाणी न्हाई. खाली केस उडवून राहिले. आन् याला दुनिया बँड म्हणून राहिली!" चांदपाशाला मनापासून वाईट वाटलं होतं. "आमचे लोक मे महिन्याच्या उन्हात गळ्यात ढोल घेऊन चालतेत, तर पत्रावळी मांडायच्या वेळी आवाज येतो, 'ए बाजेवाले, तुमी नंतर बसा.'"

शरणप्पांनी त्या पाच पोरांच्या वतीनं माफी मागितली. कोणाच्याही वतीनं माफी मागणं त्यांना सोपं जाई.

"पर चाल मस्त हाय," चांदपाशा विरघळला. "वाजवतो. फकत लई हळू हाय सर. या चालीवर नवरी स्टेजपातुर जाईस्तोवर पाहुण्यांची पोरं लग्नाला यायची."

तालीम सुरू झाली. दुकानात जागा कमी म्हणून ती रस्त्यावर होऊ लागली, आणि रस्त्यावर होऊ लागली म्हणून ती संगप्पाच्या कानावर गेली. संगप्पा हा शरणप्पांचा शेजारी. किराणा दुकानदार आणि उदगीर जिल्हा कृती समितीचा चिटणीस. उदगीर जिल्हा होणार अशी हवा दरवर्षी उठे, पण संगप्पा ती हवा बारा महिने फुप्फुसात भरून होता. लग्नपत्रिकेवर 'जि. उदगीर' त्यानंच छापून घेतलं होतं. "सर, लग्न लागेस्तोवर जिल्हा होतोयच. उगं जुन्या जिल्ह्याच्या पत्रिका कामून वाटायच्या?" परिणामी नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याहून मुलाच्या चुलत्यांचा फोन आला होता: "उदगीर जिल्ह्यातल्या उदगीरला यायचं का लातूर जिल्ह्यातल्या?"

"सर," संगप्पानं दुकानातून हाक मारली, "ते चांदपाशा काय वाजवून राहिलाय? मन कसं भरून येतंय. अर्थ काय हो त्याचा?"

इथं शहाण्या माणसानं 'प्रेमाचं गाणं आहे' एवढं म्हणून गूळ घेऊन घरी जावं. पण ज्याला आयुष्यात कोणी कधी कशाचा अर्थ विचारला नाही, त्याला अर्थ विचारू नये. शरणप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि कडव्यांसकट सांगितलं.

दुकानात शांतता पसरली. शांततेचा त्यांना अनुभव होता, पण ही तशी नव्हती.

"पावसाला थांब म्हणतंय?" संगप्पानं हळूच विचारलं.

"काव्यात. म्हणजे विरहामुळे..."

"सर, हितं तीन वर्सं झाली आभाळाकडं बघून मान मोडली. अजून सुरूच झाला न्हाई, तर थांबतो कुठून?"

तेल घ्यायला आलेल्या केवळाबाई म्हणाल्या, "आमच्या बोअरला वारं यायलंय वारं! आन् तुमी लग्नात पावसाला हाकलून लावणार? देव ऐकत असतोय बरं, सर."

"अहो, देवाला कोरियन..." शरणप्पा म्हणू लागले, पण केवळाबाई तेल न घेताच निघून गेल्या होत्या. त्या गेल्या म्हणजे बातमी गेली.

संध्याकाळपर्यंत जिल्हा कृती समितीची बैठक होऊन तीत निषेधाचा ठराव झाला. जिल्हा मिळेना म्हणून समितीकडे ठराव करायला वेळ होता. चांदपाशाचा निरोप आला: "सर, आपल्याला धंदा करायचा हाय. लोक बाज्यावर दगड मारतील. दुसरं गाणं सांगा." मुलाकडची मंडळी लोह्याची, पण त्यांनाही सुगावा लागला. मुलाच्या आई गंगम्मा यांचा फोन दानम्मांना आला: "विहीणबाई, आमचा शेतातला माल आभाळावरच हाय. असलं गाणं आमच्या सुनेच्या पायाखाली नको."

दानम्मांनी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, एवढी पुस्तकं वाचली. त्यात कुठं 'गप्प बसावं' असं छापलेलं न्हवतं का?"

रुद्राणी मात्र चिडली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "जाऊ द्या अज्जा. नाही वाजलं तर नाही." आणि ती हसली. ते हसू शरणप्पांना रात्रीच्या जेवणात आमटीत खडा लागावा तसं लागलं. नात सासरी जाणार, आणि जाताना अज्जाबद्दल तिला एवढंच आठवणार की तेही इतरांसारखेच निघाले. 'हो, वाजेल' म्हणाले, आणि नाही वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संगप्पाच्या दुकानात गेले. खाकरले. चष्मा पुसला. आणि ज्या माणसानं इतरांच्या पुस्तकांतल्या छापील चुका पेन्सिलीनं दुरुस्त करण्यात हयात घालवली, तो म्हणाला, "संगप्पा, भाषांतरात माझी चूक झाली. कोरियन क्रियापद जरा फसवं असतं. मूळ गाण्यात 'थांब' नाही. 'ये' आहे. पावसाची प्रार्थना आहे ती."

संगप्पानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. शरणप्पांना वाटलं, आता आपलं खोटं चेहऱ्यावर उमटेल. पण आयुष्यभर खरं बोलण्याचा एक फायदा असतो: पहिलं खोटं फुकट खपतं.

"मला वाटलंच!" संगप्पानं काट्यावर हात मारला. "ती पोरं भिजून कामून राहिली मग? त्यांना पडलाय की न्हाई!"

"अज्जा, तुम्ही खोटं बोललात?" ते घरी आल्यावर रुद्राणीनं डोळे मोठे करून विचारलं.

"भाषांतर केलं," शरणप्पा म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर लग्न सुरळीत पार पडलं असतं. पण संगप्पाच्या हातात मोबाइल होता. त्यानं जिल्हा समितीच्या गटावर गाणं टाकलं आणि वर लिहिलं: 'कोरियातल्या पाच तरुणांनी मराठवाड्याच्या दुष्काळासाठी केलेली प्रार्थना. पाऊस पडेपर्यंत पुढे पाठवत राहा.' लोकांनी आज्ञा पाळली. पाऊस पडेना, त्यामुळे थांबायचं कारणही मिळेना. आठवडाभरात ते गाणं पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाला इस्लापूरपर्यंत गेलं आणि तिथून शरणप्पांच्या साडूनं ते त्यांनाच पाठवलं, 'जरूर ऐका, डोळ्यांत पाणी येईल' असं लिहून. देवळाच्या भोंग्यावर आरतीनंतर ते लागू लागलं. शाळेत पोरं प्रार्थनेला ते गुणगुणू लागली. शब्द येत नसल्यामुळे सगळ्यांचं सारखंच बरोबर येई. केवळाबाईंनी तर फोनची घंटीच ती करून घेतली आणि उचलायचं सोडून हात जोडायला लागल्या. शेवटी टँकरच्या ड्रायव्हरनं ते टँकरवर बसवलं. पूर्वी तो भोंगा वाजवी. आता गल्लीत शिरताना पाच पोरं गात शिरत, आणि बायका घागरी घेऊन धावत.

शरणप्पांचा सत्कार झाला. 'कोरियन भाषेचे गाढे अभ्यासक' असं फलकावर लिहिलं होतं. त्यांना शाल घातली. मे महिन्यात. अध्यक्षांनी विनंती केली, "सरांनी चार शब्द कोरियनमधून बोलावेत." शरणप्पांनी माइकसमोर उभं राहून घसा साफ केला, आणि लोकांना तेवढंच कोरियन वाटून टाळ्या पडल्या.

बँडची परवानगी काढायला ते कचेरीत गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "गाण्याची भाषा?"

"कोरियन."

"उत्तर का दक्षिण?"

"दक्षिण."

"म्हणजे कर्नाटकाकडची?"

"त्याच्या बरंच पलीकडे."

"विषय?"

"पावसाची प्रार्थना."

"मग हे धार्मिकमध्ये येतं. तुम्ही अर्ज करमणुकीचा आणलाय." साहेबांनी अर्ज परत सरकवला. एका खोट्याला दोन प्रकारचे अर्ज लागतात हे शरणप्पांनी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

लग्नाचा दिवस उजाडला. दानम्मांनी हट्टानं त्यांना सत्काराची शाल पांघरायला लावली. "चार माणसांत दिसू दे की. पुन्हा कवा मिळायची?" मांडव गल्लीतल्याच मोकळ्या जागेत होता. नवरदेव परण्याहून, म्हणजे देवदर्शनाच्या मिरवणुकीहून, येऊन स्टेजवर उभा राहिला. पाहुणे हातात अक्षता घेऊन बसले. घाम पुसत चांदपाशानं शरणप्पांकडे पाहिलं, शरणप्पांनी मान हलवली. आयुष्यात दिलेला पहिला आणि बहुधा शेवटचा शब्द पाळायची वेळ आली होती.

रुद्राणी मांडवाच्या दारात दिसली. हिरवा शालू, मुंडावळ्या, खाली पाहत. क्लॅरिनेटनं पहिली ओळ उचलली. चांदपाशानं ती अशी वाजवली की त्या पाच पोरांनी ऐकली असती तर केस आवरून शिकायला बसली असती. रुद्राणीनं मान वर केली, अज्जांकडे पाहिलं. शरणप्पांना वाटलं, खोटं बोललो ते फिटलं.

आणि मागच्या रांगेतून केवळाबाईंचा आवाज आला: "टँकर आलं गं!"

हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. एकालाही नाही. गेला महिनाभर त्या गल्लीत या चालीचा अर्थ एकच होता. मुलीकडच्या सगळ्या बायका जरीच्या पदरासकट उठल्या. अक्षता जमिनीवर, घागरी कमरेवर. आचाऱ्यानं कढई सोडली आणि पिंप उचललं. मुलाकडच्या मंडळींना काहीच उमगेना. त्यात किल्लारीच्या एक मावशी होत्या, त्यांनी माणसं धावताना पाहिली आणि मागचा-पुढचा विचार न करता मोकळं मैदान गाठलं. भूकंप पाहिलेल्या माणसाला दोष देता येत नाही. त्यांच्यामागे लोह्याची निम्मी मंडळी गेली. स्टेजवर नवरदेव एकटा उरला, मांडवाच्या मध्यावर नवरी एकटी उरली. दोघांनी एकमेकांकडे इतक्या निवांतपणे पाहिलं, की तेवढं एरवी वर्षभरात जमलं नसतं.

बाहेर टँकर नव्हता. रस्त्यावर रिकाम्या घागरी घेऊन नटूनथटून उभी असलेली सगळी गल्ली होती, आणि ती आता शरणप्पांना शोधत होती. तेवढ्यात कोणीतरी वर बोट दाखवलं.

पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. काळंभोर, खाली ओथंबलेलं. वारा सुटला, मांडवाचं कापड फडफडलं. संगप्पानं दोन्ही हात वर केले.

"गाण्यानं आलंय! चांदपाशा, थांबू नगंस! वाजव! बाहेर ये, रस्त्यावर वाजव!"

बँड रस्त्यावर आला. बायकांनी घागरी आभाळाकडे धरल्या. ज्यांना शब्द येत नव्हते ते सगळे शब्दांसकट गाऊ लागले. गंगम्माही हात जोडून गाऊ लागल्या. ढग गडगडला आणि दोन-चार टपोरे थेंब पडले. एक नेमका शरणप्पांच्या चष्म्यावर. गल्लीनं आरोळी ठोकली.

आणि धृपद आलं.

शरणप्पा विवेकवादी माणूस. विज्ञानाचं कपाट त्यांनी वाचनालयात स्वतः लावलेलं. गाण्यानं पाऊस येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून गाण्यानं पाऊस जाणारही नाही, हेही ओघानंच आलं. पण शेदोनशे माणसं आभाळाकडे तोंड करून गळा फाडून 'थांब, थांब, आता थांब' म्हणत आहेत, आणि याचा अर्थ या रस्त्यावर आपल्याला आणि नातीलाच कळतो आहे, ही जाणीव विज्ञानाच्या कपाटात मावेना. दुसऱ्या धृपदाला वारा पडला. तिसऱ्या धृपदाला ढगाच्या मधोमध एक फट दिसली. शरणप्पा गर्दीतून चांदपाशाकडे धावले.

"बंद कर! चांदपाशा, बंद कर हे!"

"कामून सर? आत्ता तर रंग चढून राहिला!"

"अरे, त्याचा अर्थ..."

"अर्थ ठावं हाय की समद्यांना!" संगप्पानं त्यांना मायेनं बाजूला घेतलं. "सरांना भरून आलंय. बसवा सरांना. वाजव रे, अजून जोरात!"

शरणप्पांनी मागे पाहिलं. मांडवाच्या दारात रुद्राणी मुंडावळ्या हातात धरून उभी होती, हसून हसून तिच्या डोळ्यांचं काजळ ओघळलं होतं. 'मी सांगू?' असं त्यांनी नजरेनंच विचारलं. तिनं हळूच मान हलवली: नको. तिचं गाणं चालू होतं.

चौथ्या धृपदाला ऊन पडलं. ढग गोळा झाले, वळले, आणि आज्ञाधारकपणे उत्तरेकडे निघून गेले.

अक्षता पडल्या, उशिरा, पण पडल्या. जेवणाच्या पंगतीत गंगम्मांचा फोन वाजला. लोह्याहून होता. तिकडे धो धो पाऊस पडत होता; ओढ्याला पाणी आलं होतं. गंगम्मांनी तिथल्या तिथं सुनेचा मुका घेतला. "आमच्या पोरीचा पायगुण! उंबरा ओलांडायच्या आधीच पाऊस धाडला तिनं!" मुलीकडची मंडळी पाण्याऐवजी ताक पीत हे ऐकत होती.

"आपल्या जिल्ह्याचा पाऊस," संगप्पा कडवटपणे म्हणाला, "नांदेड जिल्ह्यानं नेला." तो शरणप्पांच्या शेजारी येऊन टेकला. मग त्यानं उसासा टाकला.

"सर, चूक आपलीच झाली. देवाला कोरियन कुठं येतंय? मराठीतून सांगायला पाहिजे होतं."

शरणप्पांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. देवाचं कोरियन किती पक्कं आहे हे त्यांनी नुकतंच पाहिलं होतं. चूक मराठीतच होती, आणि त्या मराठीबद्दल मिळालेली शाल उन्हात त्यांच्या मानेला चावत होती.